घोगरा, बसलेला, गेंगाणा: एकच का?

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: सर्दी झाली की आमच्यात सरसकट ‘नाकात बोलालाय’ म्हणतात. मग घोगरा, बसलेला आणि गेंगाणा आवाज एकच समजायचा का?

नाही. घोगरा आणि बसलेला ही सख्खी भावंडं, गेंगाणा वेगळ्या घरचा.

बोलताना फुप्फुसातली हवा वर येते आणि स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या थरथरतात; पुरुषांत साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. खोकल्याने किंवा ओरडून त्या सुजल्या की नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. तो घोगरा आवाज. थरथर जवळपास थांबलीच, तर आवाज बसला. पण आवाज पार बसलेला माणूसही ‘चहा टाक’ असं कुजबुजतो आणि ते घरच्यांना बरोबर कळतं! आ, ई, ऊ घडतात ते पट्ट्यांच्या वर, घसा-तोंडाच्या पोकळीत, जीभ-ओठांच्या हालचालीने. ते सगळं शाबूत असतं. म्हणून मला ‘घसा बसला’पेक्षा ‘आवाज बसला’ जास्त नेमकं वाटतं. आपले कानडी शेजारीही ‘गंटलु कट्टिदे’ म्हणून घशालाच बोल लावतात.

घोगरा म्हणजे जाडा किंवा खर्जातला, असंही नव्हे. हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल (1913–2009) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारी झाला, पण त्याला कुणी घोगरा म्हणणार नाही. त्याला गाणारे ‘ढाला’ म्हणतात.

आता नाक. मऊ टाळू, म्हणजे तोंडातल्या टाळूचा मागचा मऊ भाग, नाकाची वाट नीट बंद करत नसेल, तर साधा ‘आई’सुद्धा नाकातून येतो, तो गेंगाणा. सर्दीत नेमकं उलटं होतं. नाक चोंदलेलं, त्यामुळे ज्यांना नाकाची वाट लागतेच त्या म आणि न यांची पंचाईत. ‘मामा’चा ‘बाबा’ होतो, ‘नाना’चा ‘दादा’. म्हणजे सर्दीवाला नाकात बोलत नाही, त्याला नाकात बोलताच येत नाही. त्याच्या आवाजाला ‘चोंदलेला’ म्हणावं.

खात्री करायची तर नाक चिमटीत धरून ‘आई’ म्हणायला सांगा. एरवी काही फरक पडत नाही. गेंगाणा असेल तर आवाज लगेच बदलतो.