प्रवेश फुकट, पण गाडी कुठे लावणार?

सहा दिवस, स्वतःची गाडी, तुटपुंजं बजेट आणि फुकट बघण्याजोग्या वीस ठिकाणांची यादी, "हे सगळं कसं बसवू?" असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि माझी जुनी वही आठवली. माझी बावीस होती. प्रत्येकापुढे हिरव्या शाईने 'प्रवेश मोफत'. गाडी कुठे लावायची, हा रकानाच नव्हता.

तिथेच माती खाल्ली. निघण्याआधी माहिती कार्यालयात फोनसुद्धा केला होता. "प्रवेश फुकट ना?" "हो, अगदी फुकट." विचारलं तेवढंच सांगितलं त्यांनी. पोचलो तर वाहनतळ फक्त आधी नोंदणी केलेल्यांसाठी. रस्त्याच्या कडेला चार गाड्या उभ्या होत्या, म्हटलं आपलीही लावू. तासाभराने पाचही गायब.

गाडी सोडवायला गेलो. "मूळ कागद दाखवा." कागद गाडीत. "मग गाडीतून आणा." गाडीपाशी जाऊ द्या. "आधी कागद दाखवा." हाच संवाद तीन खिडक्यांवर झाला. तो शनिवार, दुसऱ्या दिवशी सुट्टी. सोमवारी दुपारी गाडी हातात आली तेव्हा दंड, उचलून नेल्याचे पैसे आणि वर दोन दिवस गाडी सांभाळल्याचं भाडं! सुट्टी त्यांची, भाडं आमचं. दोन जादा रात्रींची खोली धरली तर सगळ्या सहलीचं निम्मं बजेट तिथेच संपलं. मुलाला त्या सहलीतली अजून फक्त क्रेन आठवते. असो.

तेव्हापासून मी तिकिटाआधी वाहनतळ बघतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात प्रवेशशुल्क नाही, पण मार्च २०२३ पासून १५ मिनिटांहून जास्त गाडी लावायची तर सशुल्क परवाना लागतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातही तेच, माणसं फुकट, गाडीला पैसे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची कायमची दालनं फुकट, पण ते भर शहरात आणि तिथे गाडी घालायची तर २००३ पासून गर्दी-शुल्क आहे. अशा शहरात गाडी बाहेरच्या स्टेशनाजवळ लावून रेल्वेनेच जावं. जुन्या याद्यांवरही विसंबू नका. रोमचं पँथिऑन हे प्राचीन मंदिर अनेक याद्यांत अजून फुकट आहे, प्रत्यक्षात जुलै २०२३ पासून पर्यटकांना तिकीट आहे.

माझं मत विचाराल तर वीसाची आठ करा. काहींना पटणार नाही, पण फुकट धबधब्यासाठी चाळीस किलोमीटर वाट वाकडी केली, की जाऊन-येऊन ऐंशीचं इंधन जळतं. तेवढ्यात वाटेवरचं एखादं तिकिटाचं ठिकाणही झालं असतं. आणि संग्रहालयांचे ते खास 'मोफत दिवस' मी तरी टाळतो. लहान मुलं बरोबर असतील तर ती रांग त्या वाचलेल्या पैशांच्या लायकीची नसते.

मी यातला जाणकार वगैरे नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात त्या त्या ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहनतळाचं पान उघडून बघाच. फोन केलात तर "प्रवेश फुकट का?" असं विचारू नका. "गाडी घेऊन येतोय, एकूण काय काय भरावं लागेल?" असं विचारा. आणि गाडीचे कागद गाडीच्या कप्प्यात टाकून उतरू नका, खांद्यावरच्या पिशवीत घ्या.