उन्हाळ्यात जास्तीचा लसूणघास वाळवून ठेवता येतो का?

जळगावकडे विहिरीला पाणी आहे, लसूणघास (ल्युसर्न, जनावरांचा हिरवा चारा) उरतोय, तो पावसाळ्यासाठी वाळवता येईल का, असं एकाने विचारलंय.

येईल की. फक्त मे महिन्यातल्या आपल्या ४४-४५ अंशांत तो कडब्यासारखा दिवस-दिवस उन्हात पडू देऊ नका. काडी ओलीच राहते आणि पानं आधी कडक होऊन झडतात. प्रथिनं जास्त पानांतच असतात, मग गोठ्यात नुसत्या काड्या येतात.

नुकती फुलं दिसू लागली की सकाळी कापा, दुपारपर्यंत पातळ पसरा, मग शेडमध्ये किंवा निंबाखाली सैल ढीग करा. पालटायचं पहाटेच, तेव्हा पानं नरम असतात. मी पहिल्यांदा भर दुपारी पालटला आणि निम्मा चुरा ताडपत्रीवरून झाडूने गोळा केला. म्हशींनी खाल्ला म्हणा!

वाळला का ते बघायला काडी नखाने खरवडा. साल निघाली तर अजून ओल आहे. ओलावा साधारण १५ टक्के हवा. त्याहून ओला रचला तर गंजी आतून तापते, बुरशी धरते. बुरशी आलेला गाभण गाईला देऊच नका.

रचताना खाली पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) थर द्या. खाऊ घालताना दादर ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीत मिसळा.