वाचकांचे प्रश्न : शेजारचं घर पाडून इमारत

प्रश्न : गोव्यात पर्वरीला आमच्या शेजारचं चिऱ्यांचं, बलकावाचं (दारापुढे बसायच्या ओसरीचं) घर पाडून फ्लॅट बांधणार आहेत म्हणे. थांबवता येईल का?

उत्तर : घर जुनं आहे, देखणं आहे, एवढ्यावर परवाना अडत नाही. ते संरक्षित यादीत किंवा जतन क्षेत्रात असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून हरकतीच्या अर्जात भावना कमी आणि मोजमापं जास्त घाला.

आधी माहिती अधिकारात नगर नियोजन खातं आणि पंचायत, दोन्हीकडून मंजूर नकाशे, तांत्रिक परवानगी आणि मालकीची कागदपत्रं मागवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण त्या ३० दिवसांत जेसीबी येऊ शकतो, म्हणून पंचायतीत लेखी हरकत आजच द्या आणि पोच घ्या.

नकाशा मिळाला की टेप घेऊन फिरा. रस्ता नकाशात रुंद दाखवतात. प्रत्यक्षात गडग्यापासून (आवाराच्या दगडी कुंपणापासून) गडग्यापर्यंत अरुंद निघतो. शोषखड्डा तुमच्या विहिरीपासून किती दूर आहे तेही पाहा. झाडं तोडायची असतील तर वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

सर्वांत मजबूत मुद्दा बहुधा मालकीचा. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरची नावं वाचा. गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा समाईक असते. परदेशातल्या भावाची किंवा त्याच्या पत्नीची सही राहून जाते. मात्र ही हरकत त्या वारसानेच घेतली तर टिकते, शेजाऱ्याने नव्हे. आवारात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा) राहत असेल, तर त्याला १९७५च्या कायद्याचं संरक्षण आहे.

आणि पाडकामाआधी स्वतःच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा. मातीत रचलेल्या चिऱ्यांना हादऱ्याने तडे जातात. नंतर ते जुनेच होते असं सांगतात.