वादळात केलेल्या कामाचे बिल आणि ‘ता. क.’मधले पत्र

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे छप्पर उडाले. शाखा अभियंता म्हणाले, “काम सुरू करा, कागद मागाहून होतील.” मी नव्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) बसवून पत्रे घातले, ऑक्टोबर २०२० मध्ये काम पूर्ण केले. कार्यारंभ आदेश निघालाच नाही. दरवर्षी अर्ज देतो आहे. आता कार्यालय म्हणते, मुदत गेली. दावा लावता येईल का? (एक ठेकेदार, कोकण)

उत्तर : अशी पत्रे निसर्गनंतर आली, तौक्तेनंतर आली, अजूनही येतात. लेखी आदेशाशिवाय सरकारी कामाला हात लावू नये, हे आता तुम्हाला कोणी सांगायला नको.

तुमच्या चार पानी पत्रात पत्र्यांचा भाव, टेम्पोचे भाडे, मजुरी, सगळे आहे. पण तुमचा दावा ज्या कागदावर उभा राहील, तो तुम्ही शेवटी ‘ता. क.’ म्हणून टाकला आहे : १२ फेब्रुवारी २०२४ चे, उपअभियंत्यांच्या सहीचे पत्र. “सदर कामाचे देयक निधी उपलब्ध होताच अदा करण्यात येईल.” बाकी सगळे बाजूला ठेवा, हे पत्र जपा.

केलेल्या कामाचे पैसे मागण्याची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे. तुमच्या अर्जांनी ती एक दिवसही वाढत नाही. पोचेचे शिक्के मारलेले अर्ज फाईलला लावून लोक निर्धास्त बसतात, आणि त्यापायी खरी येणी बुडालेली मी पाहिली आहेत. मुदत वाढते ती समोरच्याने देणे कबूल केल्यावर. मुदत कायदा, १९६३ चे कलम १८ सांगते की मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. ‘पैसे देण्याची वेळ अजून आलेली नाही’ असे त्यात म्हटले असले तरी कबुली बाद होत नाही. म्हणून ‘निधी उपलब्ध होताच’ या शब्दांनी घाबरू नका. मात्र “साहेब तोंडी हो म्हणाले होते” याचा इथे काडीचा उपयोग नाही.

आता तारखा पाहा. ऑक्टोबर २०२० पासून सरळ तीन वर्षे मोजली तर मुदत ऑक्टोबर २०२३ मध्येच संपते आणि पत्र त्यानंतरचे ठरते. कार्यालय बहुधा असेच मोजते आहे. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. तुमची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून धरायची. म्हणजे पत्र मुदतीच्या आत आले आणि नवी मुदत फेब्रुवारी २०२७ पर्यंत जाते. ज्यांचे पत्र मुदत उलटल्यावर आले, त्यांना नुसती कबुली पुरणार नाही. पैसे देण्याचे स्पष्ट लेखी, सहीचे वचन असेल तरच करार कायद्याच्या कलम २५(३) चा आधार मिळू शकतो.

लेखी आदेश नसला तरी करार कायद्याचे कलम ७० आहे : काम कायदेशीर हवे, फुकट करायचा इरादा नसावा आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतलेला असावा. बंगालमध्ये आरामबागला नागरी पुरवठा खात्यासाठी बांधकाम केलेल्या ठेकेदाराचा करार रीतसर नव्हता, तरी १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली त्याला पैसे मिळवून दिले. तो निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला आहे, तुमच्या वकिलांना तो वाचायला सांगा. पण पैसे कामाच्या वाजवी किमतीइतकेच मिळतात. तुमच्या बिलाचा आकडा जसाच्या तसा मान्य होईल, असे मी म्हणणार नाही.

आणखीही अडचणी येऊ शकतात. उपअभियंत्यांना जिल्हा परिषदेच्या वतीने अशी कबुली देण्याचा अधिकार होता का, हा आक्षेप येईल. स्थानिक संस्थांच्या कायद्यांत पूर्वनोटिशीची आणि छोट्या मुदतीची कलमे असतात. कामाच्या पैशांच्या दाव्याला ती लागू नयेत असे माझे मत आहे, पण वाद नको म्हणून नोटीस द्याच. दिवाणी दाव्याऐवजी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी का? वस्तुस्थितीचा वाद दिसला की तिथून बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच पाठवतात.

सगळ्यात आधी ते पत्र हाती घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच्या कोपऱ्यावर कोणाचा तरी अंगठा आला आहे आणि जावक क्रमांक त्याखाली झाकला आहे. मूळ प्रत ‘घरात कुठेतरी असेल’ असे लिहिता! शोधा, आजच शोधा. सोबत माहिती अधिकारात त्या पत्राची, जावक नोंदीची आणि काम मोजले गेले असेल तर मोजमाप पुस्तिकेच्या पानांची प्रमाणित प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे, न आल्यास लगेच अपील करा.

दाव्याच्या निकालाला किती वर्षे लागतील, हे आपल्या न्यायालयांकडे पाहता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून दाखल करण्यात आणखी एक पावसाळा घालवू नका. नोटीस गेल्यावर थोडीफार रक्कम देऊ करतील. ती घ्यायला हरकत नाही, पण ‘संपूर्ण हिशेब मिटला’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.