मुक्तिनाथसाठी पोखरा–जोमसोम विमान घ्यावं का?

तुमचे प्रश्न दोन: नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या यात्रेसाठी आईवडिलांना पोखऱ्याहून डोंगरातल्या जोमसोमपर्यंत या विमानाने न्यावं का, आणि ही छोटी विमानं जुनाट असतात म्हणून पडतात का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. २४ फेब्रुवारी २०१६ ला याच मार्गावर कोसळलेलं ट्विन ऑटर (या मार्गावरचं छोटं, दोन इंजिनांचं विमान) जवळजवळ नवं होतं. २३ जण गेले. २९ मे २०२२ ला याच मार्गावर दुसरं ट्विन ऑटर पडलं आणि २२ जण गेले, त्यात ठाण्याचे चौघे होते. दोन्ही वेळा बाहेर बघत उडवायचं विमान ढगात शिरलं, वाट सोडून सरकलं आणि डोंगरावर आदळलं.

ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसते, त्यामुळे ढगांच्या वरून खूप उंच जाणं नाही. वाटेतली घोरेपानीची डोंगरधार ओलांडून धौलागिरी (८१६७ मी.) आणि अन्नपूर्णा (८०९१ मी.) यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातूनच जावं लागतं. जोमसोमला सकाळ सरत आली की वारा इतका चढतो की उतरणं बंद. म्हणजे इकडे घोरेपानीवरचा ढग हटायची वाट बघायची आणि तिकडे वाऱ्याच्या आत पोचायचं. उशीर झालेल्या फेरीवर खरा ताण येतो तो इथे.

मग वाटेत ढग दिसला तर मागे का फिरत नाहीत? फिरायला जागा लागते. १२,००० फुटांवर हवा विरळ असते, वेगाच्या काट्यावर १२० नॉट (ताशी सागरी मैल) दिसले तरी खरा वेग १४४ च्या आसपास असतो. ३० अंश कलून वळलं तरी वर्तुळाचा व्यास जवळपास दोन किलोमीटर होतो. खोऱ्याच्या मधोमध उडणाऱ्याला दोन्ही बाजूंना निम्मीच रुंदी मिळते. म्हणून एका कडेने उडायचं आणि पुढची धार स्पष्ट दिसत असतानाच परतायचं ठरवायचं. ढगात शिरल्यावर हा हिशेब संपलेला असतो.

२०२२ च्या चौकशी अहवालातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते: जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा दाबून ठेवलेली होती. खोऱ्यात डोंगर समोर दिसत असतानाही ती सारखी ओरडते, म्हणून गप्प करायचा मोह होतो. पण ढगात तिच्याशिवाय दुसरं सांगणारं कोणी नसतं.

आता तुमचं. ऑक्टोबर–नोव्हेंबरची स्वच्छ सकाळ असेल तर जा. पावसाळ्यात या विमानाचा बेत करूच नका. पहिल्या फेरीचं तिकीट काढा. जाताना एक आणि येताना एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे काठमांडूचं पुढचं विमान चुकेल या धास्तीने काउंटरवर घाई करावी लागणार नाही. फेरी रद्द झाली तर वाद घालू नका. पोखऱ्याहून जीप मिळते, पूर्ण दिवस जातो, रस्ता खडबडीत आहे.

आणि विमानाने गेलात तर वीसेक मिनिटांत ८०० मीटरवरून २७०० मीटरवर पोचता. वयस्कर मंडळींना ती रात्र जोमसोमलाच विश्रांती द्या, मुक्तिनाथ दुसऱ्या दिवशी.