लग्नघरी मामाने काय बोलावे?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात पुण्यात आहे. तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. कन्यादान तिचे काका-काकू करणार आहेत. परंतु आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर दोन्ही घरच्या मंडळींसमोर ‘मामा, तूच बोलायचंस’ असा भाचीचा हट्ट आहे. मी आयुष्यभर बँकेत हिशेब पाहिले, माइक कधी हातात धरला नाही. तिच्या वडिलांचा उल्लेख करावा की टाळावा? एक स्नेही म्हणतात, भाषणाऐवजी मंगलाष्टक रचा. — एक वाचक, सांगली

उत्तर : भाचीने वेळ अगदी योग्य निवडली आहे. मुहूर्ताच्या गडबडीत कोणाचे लक्ष नसते आणि स्वागतसमारंभात आहेर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना भाषण म्हणजे खोळंबा वाटतो. सीमांतपूजनाला मात्र मोजकी, जवळचीच माणसे असतात आणि दोन्ही घरे एकमेकांना ओळखू पाहत असतात. पूजन आटोपल्यावर, पाने मांडण्यापूर्वी बोला. एकदा पंगत बसली की वाढप्यांच्या आवाजात तुमचे शब्द विरून जातील.

वडिलांचा उल्लेख अवश्य करा. तो टाळलात, तर सभागृहातील प्रत्येक जण ज्यांची आठवण काढतो आहे त्यांच्याविषयी तुम्हीच तेवढे गप्प राहिलात, असे होईल. मात्र ‘आज ते असते तर’ या वाक्याने सुरुवात करू नका, कारण त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही आणि मुलीला सावरता येत नाही. त्याऐवजी त्यांनी केलेली एखादी साधी गोष्ट सांगा : ते तिला सायकल शिकवताना तुम्ही पाहिले असेल किंवा तिच्या वह्यांना ते दर जूनमध्ये कव्हरे घालत असतील. ती भाषणाच्या पहिल्या भागात, दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे जा. ते नेमके शब्द बहिणीला आधीच वाचून दाखवा. जे तिच्या घरातले आहे, ते तिला चारचौघांत अचानक ऐकावे लागू नये.

भाचीविषयी बोलताना शिक्षण, नोकरी आणि गुणांची यादी नको. मी गेली अनेक वर्षे लग्नसमारंभांचे सूत्रसंचालन करते आणि एका आत्याबाईंचे भाषण मला अजूनही जसेच्या तसे आठवते. त्या आठ दिवस रुग्णालयात असताना त्यांची भाची कॉलेजातून थेट यायची आणि औषधांची चौकशी करण्याआधी त्यांची वेणी घालून द्यायची, कारण विस्कटलेल्या केसांनी कोणासमोर यायला आत्याला आवडत नाही, हे तिला ठाऊक होते. एवढे सांगून त्या जावयाकडे वळून म्हणाल्या, ‘ही न सांगता करते, तेव्हा तुम्ही न सांगता बघा.’ सासरच्या बायकांनी त्याच क्षणी त्या मुलीला आपलीशी केली. अशी एकच गोष्ट तुमच्याकडे नक्की असेल. मामाच्या घरी सुट्टी काढलेल्या भाचीच्या तर डझनभर असतील, त्यांतली एक निवडणे हेच खरे कष्टाचे काम आहे. मात्र तिला संकोच वाटेल असे बालपणीचे किस्से कृपा करून बाजूला ठेवा.

नवऱ्या मुलाशी त्याच्या नावाने बोला आणि त्याच्यातले तुम्ही स्वतः पाहिलेले काही सांगा. ‘आमच्या मुलीला सांभाळून घ्या’ ही विनवणी मला मनापासून नको वाटते. ती कोणाच्या दयेवर त्या घरी जात नाही, हे व्याही-विहिणींना तुमच्या स्वरातूनच कळले पाहिजे, आणि तेही आदर न सोडता.

मंगलाष्टकाचा मोह आवरा. ते प्रायः शार्दूलविक्रीडित या वृत्तात असते. प्रत्येक चरणात 19 अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. सराव नसेल तर आई-वडिलांची नावे बसवताना वृत्त लंगडते, आणि त्याची खरी जागा अंतरपाटाजवळच आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या ओळीही नकोत, त्या पाहुण्यांनी आधीच ऐकलेल्या असतात.

चार मिनिटे पुरेत. ठळक अक्षरांत लिहिलेली एक-दोन पाने घ्या, घरी उभे राहून मोठ्याने तीन-चारदा वाचा आणि पहिले व शेवटचे वाक्य पाठ करा. मधले पाहून वाचले तर कोणालाही खटकत नाही. माइक छातीशी नव्हे, हनुवटीजवळ धरा. कंठ दाटला तर क्षमा मागू नका. थांबा, पाण्याचा घोट घ्या, मंडळी थांबतील.

दुसऱ्या दिवशी गौरीहरापाशी बसलेल्या भाचीला हात धरून बोहल्यावर तुम्हीच आणणार आहात. भाषणाचा शेवट तिथे न्या : ‘उद्या मी तुझ्या पाठीशी उभा असेन’ इतकेच म्हणा, माइक ठेवा आणि बहिणीच्या शेजारी जाऊन बसा.