चिमणी हलवली तर चालेल का?

प्रश्न: नमस्कार, माझे आजोबा म्हापशाहून मुंबईला जाऊन लालबागच्या मिलमध्ये होते. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून गिरणगावाचं लँडस्केप करतेय, वॉटरकलरमध्ये. चाळी जमल्या, पण धुरासाठी काळा घातला की अख्खं चित्र मळकं होतं. आणि एक चिमणी नेमकी मधोमध आलीय, ती हलवली तर खोटेपणा होईल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर: बिनधास्त हलवा हो! इंग्लंडचा लॉरी, ज्यानं मँचेस्टर-सॅल्फर्डच्या कापडगिरण्या जन्मभर रंगवल्या, त्याच्या १९५५ च्या 'इंडस्ट्रियल लँडस्केप'मधला बहुतेक परिसर मनानंच रचलेला आहे, स्टॉकपोर्टचा रेल्वेपूल तेवढा ओळखू येतो. तो पाचच रंग वापरायचा, त्यात काळाही होता, पण आकाश आणि जमीन पांढरट ठेवायचा म्हणून गिरण्या काळ्या दिसतात. त्याचं काम ऑइलमधलं, तुमचा पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधी वाचवा.

काळी ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून ग्रे करा, चिमणीच्या तोंडाशी तपकिरी जास्त आणि धूर लांब जाईल तसा निळा, कागद ओला असतानाच सोडायचा, एक कड विरू द्यायची. पण प्रत्येक चिमणीतून धूर काढू नका बरं का. १९१५ पासून खोपोलीची टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली, हळूहळू मशिनं विजेवर गेली, वाफ मग खळ आणि रंगाईपुरती उरली, त्यामुळे दोन-तीन चिमण्या नुसत्या उभ्या दाखवल्या तरी खरंच वाटेल.

मिलच्या दातेरी छपरांच्या काचा उत्तरेकडे असायच्या, आत ऊन न येता सारखा उजेड पडावा म्हणून, तेव्हा चित्रात उत्तर कुठे ते ठरवल्याशिवाय ऊन टाकू नका. आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, लालबाग नव्हतं! मंगलोरी कौलं, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी, तिथे रंग येऊ द्या, मला तर चाळींशिवाय गिरणगावाचं चित्र अर्धवटच वाटतं.

लांबचं फिकं कसं होतं ते बघायला सकाळी दोना पावलाला जा, पायाखालचे खडक गडद आणि पलीकडे मुरगाव बंदरातल्या क्रेन निळसर, तसंच मागच्या चिमण्यांचं करा. पावसाळ्यात कागद लवकर सुकत नाही म्हणून आपण वैतागतो, धुराला मात्र तेच बरं, ड्रायर लावू नका.